परोपकारास जामीन कोण?

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मनुष्याची आपल्या गावांतून थट्टा होते, आणि तोच मनुष्य वारला म्हणजे त्याच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत त्याच भाकऱ्यांची स्तुती होते. पीठ कोणाच्या घरचे होते आणि चुलीपुढे कोण बसले होते, हे मात्र दोन्ही वेळा कोणी विचारीत नाही. गावासाठी झिजलेल्या गृहस्थाचे स्मरण खरेपणाने कसे करावे, हा प्रश्न आम्ही आज एका जर्मन खेडुताच्या चरित्रावरून वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव पुष्कळांनी ऐकले नसेल. तथापि ज्याने गावच्या सोसायटीतून बियाण्यासाठी कर्ज काढले आहे, त्याने ह्या मनुष्याचे मीठ खाल्ले आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हा ३० मार्च १८१८ रोजी वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ मुलखात हाम ह्या गावी जन्मला. लहानपणीच बापाचा आधार तुटला. गावच्या पाळकाने त्यास शिकविले. डोळ्यांच्या विकारामुळे लष्करातील चाकरी सोडावी लागली, आणि १८४५ साली वायरबुश गावचा कारभार त्याजकडे आला. त्याच वर्षी त्याने लग्न करून संसार मांडला.

पुढच्याच हंगामात पीक बुडाले. १८४६-४७ च्या त्या हिवाळ्यात सरकारने पीठ धाडले, पण ते रोख पैसे देणाऱ्यासच द्यावे असा हुकूम होता. उपाशी मनुष्याजवळ रोख पैसा कोठून असणार! रायफायझेनने तो हुकूम बाजूस ठेवून पीठ उधारीवर वाटले, गावातील सधन लोकांस गोळा करून पैसा उभा केला, सर्वांची मिळून एक भट्टी बांधविली आणि पाव स्वस्त केला. लोक त्यास कौतुकाने भाकरीचा कारभारी म्हणू लागले. पुढे फ्लामर्सफेल्ड येथे १८४९ साली त्याने शेतकऱ्यांस हप्त्यांनी फेडीच्या बोलीवर गुरे मिळवून देणारी मंडळी काढली. हेडेसडॉर्फ येथे १८५४ साली अनाथांसाठी व गरिबांसाठी धर्मादाय मंडळी उभी केली. परंतु देणारे एका बाजूस व घेणारे दुसऱ्या बाजूस, अशी रचना फार दिवस टिकत नाही हे त्यास दहा वर्षांत उमगले. देणारे थकून गळू लागले. तेव्हा १८६४ साली त्याने निराळाच पाया घातला. कर्ज घेणारा तोच सभासद. कार्यक्षेत्र एका गावापुरते, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाची नियत ठाऊक. हिशेबनिसावाचून कोणास पगार नाही. आणि मंडळीच्या सर्व कर्जास प्रत्येक सभासद आपल्या घरादारानिशी जबाबदार.

ह्या शेवटच्या कलमावर आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण आमचा प्रश्न तेथेच आहे. ज्या दख्खनेत १८७५ साली सुप्यास सावकारांची खतपत्रे जळाली, तेथील वाचकांस जामीनकी म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. दुसऱ्याचे कर्ज आपल्या बैलजोडीवर घेणे ही मोठी प्रीती आहे. मात्र कोणाच्या नकळत त्याची बैलजोडी गहाण टाकणे ही चोरी होय. रायफायझेनच्या मंडळीत जो जामीन राही, तो जाणूनबुजून सही करून राही. त्या कामाचे सारे नीतिबळ ह्या सहीत होते.

आता त्याच्या घरात पाहू. १८६३ साली विषमज्वराच्या साथीने तो मरणाच्या दारातून परत आला. त्याच वर्षी बायको एमिली वारली. थोरली मुलगी आमाली त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची होती, आणि धाकट्या भावंडांचा भार तिजवर पडला. १८६५ साली प्रकृती खालावल्यामुळे अवघ्या ४७ व्या वर्षी बापास थोड्या वेतनावर निवृत्त व्हावे लागले. पोट भरण्यासाठी त्याने चिरुटांचा कारखाना व पुढे द्राक्षारसाचा व्यापार केला. पतमंडळ्यांचे काम मात्र वाढतच गेले. दृष्टी तर जवळजवळ गेलेली. मग आलेली पत्रे वाचणार कोण, व उत्तरे लिहिणार कोण? आमाली. बापाने पुढे दुसरे लग्न केले, तरी हे काम तिच्याकडेच राहिले. ती अविवाहित राहिली. बापाने तिच्या विवाहास संमती दिली नाही, कारण त्यास तिच्या डोळ्यांवाचून चालणार नव्हते, असे त्याच्या चरित्रांतून सांगितले जाते.

शास्त्यांच्या पुस्तकातील इफ्ताहाची गोष्ट येथे आठवते. बोल बापाने दिला आणि आयुष्य मुलीचे खर्ची पडले. इफ्ताहाने ते विजयासाठी केले, रायफायझेनने गरिबांच्या पोटासाठी. हेतूत पुष्कळ अंतर आहे आणि ते आम्ही मानतो. कोणी असेही म्हणेल की आमालीने हे आपखुषीने केले, बापावर व त्याच्या कामावर तिचे प्रेम होते. तसे असूही शकेल. परंतु तसे असेल तर ती केवळ मदतनीस नव्हे, त्या कार्याची भागीदार ठरते. आणि तसे नसेल तर ती त्या कार्याची धनको ठरते, तिचे देणे अजून बाकी आहे. हिशेब कोणत्याही बाजूने मांडा, एकट्या बापाच्या नावे लिहिलेले खाते खोटेच पडते.

ह्यावर, मृताचे उणे काढणे ख्रिस्ती मंडळीस शोभत नाही, असा आक्षेप येईल. आम्हांस तो पटत नाही. ज्याने उपाशी माणसांसाठी सरकारी हुकूम दूर सारला, त्याची थोरवी मुलीचे नाव घेतल्याने उणी होईल, अशी भीती त्याच्याविषयी बाळगणे हाच त्याचा अपमान आहे. पवित्र शास्त्राने इफ्ताहास विश्वासवीरांत गणिले, आणि त्याच शास्त्राने हेही लिहून ठेवले की इस्राएलाच्या कन्या दरवर्षी चार दिवस त्याच्या मुलीचे स्मरण करीत. एकासाठी दुसरे पुसून टाकले नाही.

आपल्या मंडळ्यांतून असे गृहस्थ पुष्कळ होऊन गेले. शाळेच्या इमारतीसाठी वणवण फिरणारे, भांडणे मिटविण्यास रात्री-अपरात्री उठून जाणारे, विहिरीच्या खोदाईस आपली मोट व बैल देणारे. त्यांची बायको त्या रात्री दार लावून एकटी बसे, पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा चूल पेटवी. थोरला मुलगा शाळा सोडून नांगरामागे जाई. स्मरणसभेत ह्या माणसांस पहिल्या रांगेत बसवितात आणि डोळे पुसावयास सांगतात. त्यांनी काय दिले हे कोणी उभे राहून विचारले, तर कदाचित ती सांगतील, कदाचित सांगणारही नाहीत. पण विचारले पाहिजे, आणि तेही घरधनी जिवंत असताना, त्याच्या देखत.

रायफायझेन ११ मार्च १८८८ रोजी वारला, तेव्हा त्याच्या धर्तीच्या मंडळ्या चारशेहून अधिक झाल्या होत्या. फ्रेडरिक निकल्सन साहेबांनी मद्रास सरकारासाठी त्यांचा अभ्यास करून जो अहवाल लिहिला, त्याचा दुसरा भाग १८९७ साली निघाला. हिंदुस्थानासही असा रायफायझेन शोधावा लागेल, हे त्या अहवालाचे सार. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला त्याच्या मुळाशी तो होता. आमाली १८९७ सालीच वारली.