एक वेदी, दोन दालने

धर्म बदलला म्हणजे जात जाते काय? हा प्रश्न मला विहारात नव्हे, एका चर्चमध्ये पडला.

तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. सह्याद्रीची रांग तिथे संपत येते. खिंडीतून वारा असा सुटतो की माणसाला नीट उभे राहवत नाही. आता तिथे पवनचक्क्यांचे रान उठले आहे, मधून ताडाची झाडे. याच गावी १७४५ साली त्रावणकोर दरबारातील नीलकंठ पिल्लै ख्रिस्ती झाला, देवसहायम म्हणवू लागला. उच्च जातीचा असून तो सर्वांत मिसळे. १७५२ साली त्याला गोळ्या घातल्या. २०२२ साली पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले.

आणि त्याच गावात १८७२ साली चर्च बांधले ते कसे? विजारीचे दोन पाय कमरेशी मिळावेत तशी दोन दालने वेदीपाशी मिळतात. एकात वेल्लाळ, दुसऱ्यात नाडार. पाद्री दोघांना दिसे, ते एकमेकांना दिसत नसत! १९१० च्या सुमारास मधला आडोसा काढला, तर वरच्या जातीचे ख्रिस्ती तो परत मिळावा म्हणून कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

आपण म्हणाल, तो त्यांच्या धर्माचा दोष. पण बायबलात वेल्लाळ-नाडार कुठे आहेत? आपल्या बावीस प्रतिज्ञांत तरी सोमवंशी-लाडवण कुठे आहेत? तरी स्थळ आले की आपण हळूच विचारतोच. मिश्रविवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. ते पुस्तक आपल्या फडताळात असते.

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्या धाकट्या बहिणीला मातंग समाजातून दीक्षा घेतलेल्या घरचे स्थळ आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, नियमाने वंदनेला येणारा. आई म्हणाली, "बौद्ध आहेत खरे, पण आपल्यातले नव्हेत." मी पदवीधर, शाळेत समता शिकवणारा, आणि मी गप्प बसलो. "बघू" एवढेच म्हणालो. बहिणीला कुणी विचारलेच नाही.

परत आल्यावर प्रथम तिला विचारले. तिची हरकत नाही. आईला त्या दोन दालनांची हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली, बोलली काही नाही. येत्या रविवारी मी त्या घरी जाणार आहे. आई येते म्हणाली नाही, नाही येत असेही म्हणाली नाही.