मागच्यांचे देणे

नव्या कलाकृतीने जुनीला केलेला नमस्कार कृतज्ञतेचा समजायचा, की तिच्या पुण्याईवर केलेला व्यापार? हा गंभीर प्रश्न मला घातला तो एका बदकाने!

१९८७ साली निघालेली ‘डकटेल्स’ ही व्यंगपटमालिका पुढे दूरदर्शनवर रविवारी लागे, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरातली मुले न सांगता आंघोळी उरकून बसत. २०१७ साली ती मालिका नव्याने निघाली. साताऱ्याची माझी नात ती पाहत असताना एका भागात डोनाल्ड बदकाचे जुने मित्र म्हणून एक पोपट आणि एक कोंबडा अवतरले. हे दोघे १९४४ सालच्या ‘द थ्री कॅबेलेरोज’ या व्यंगपटातले. मी ओळख पटून हसलो. नात गोष्टीतल्या गमतीला हसली. दोघांचेही हसणे खरे होते.

सगळेच नमस्कार इतके निर्मळ नसतात. पुष्कळदा स्वतःजवळ सांगण्यासारखे काही नसते, म्हणून थोरांचे नाव घेतले जाते. ओळखीचा चेहरा दिसताच आपण टाळी वाजवतो, आणि ती फुकट नव्याच्या खात्यावर जमा होते. मग खरा नमस्कार ओळखावा कसा?

आमच्या सांगलीपुरते पाहू. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगले. कथा रामायणाची, धाटणी बरीचशी त्या खेळांची. तरी भाव्यांना कोणी नक्कल करणारे म्हणत नाही. आपण त्यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो. पुढे त्यांच्याच लाकडी बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर नाचवल्या. घेणारा असा देणाराही झाला.

आपल्याकडे ऋण फेडण्याची रीत मोठी मजेदार आहे. ऋषिऋण फिटते अध्ययनाने, पितृऋण संततीने. देणे मागच्यांचे, भरणा मात्र पुढच्यांकडे! म्हणून जुन्याचे नुसते नाव घेऊन काही फिटत नाही. ज्याला जुने ठाऊकच नाही, अशा पोरालाही पोटभर आनंद मिळाला, तर मुद्दल फिटू लागले म्हणावे.

साताऱ्याची मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. खरा अजिंक्यतारा समोर उभा असतो. यांच्या किल्ल्यावर मात्र हळीव उगवलेला, मावळ्यांशेजारी वाघ बसलेला आणि पायथ्याशी खेळण्यातली मोटार थांबलेली! अजिंक्यताऱ्याला त्याचा राग आल्याचे मी अजून ऐकलेले नाही.