बँकेने पुसले, म्हणून देणे फिटले का?



‘सिबिल’ हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असो, घराची दुरुस्ती असो वा नवी रिक्षा, बँकेतले साहेब आधी संगणकावर आपला स्कोअर पाहतात. ३०० ते ९०० यांमधला तो एक आकडा. त्यामुळे हल्ली एक प्रश्न वारंवार कानांवर येतो : “फादर, जुने कर्ज बँकेने ‘राइट-ऑफ’ केले आहे. आता फेडले तर स्कोअर वाढेल का? आणि वाढणार नसेल, तर फेडायचे कशाला?”

यात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला व्यवहाराचा, दुसरा नीतीचा. दोन्हींची आपण गल्लत करतो आणि मग वाट चुकते.

आधी व्यवहार पाहू. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की कर्जखाते ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादित ठरते. पुढे वसुलीची आशा मावळली की बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. यालाच राइट-ऑफ म्हणतात. ही बँकेच्या हिशेबाची सोय आहे, कर्जमाफी नव्हे. आपले देणे तसेच राहते आणि बँकेचा वसुलीचा हक्कही राहतो.

असे कर्ज पूर्ण फेडले, तर अहवालात ते राइट-ऑफनंतर बंद झाल्याची नोंद होते. तडजोड करून कमी रक्कम भरली, तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो पाहून बिचकते. मात्र दोन्ही बाबतींत थकलेल्या हप्त्यांचा इतिहास लगेच पुसला जात नाही. ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना किमान ७ वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणून आज पैसे भरले आणि उद्या स्कोअर उडी मारून वर गेला, असे होत नाही. पुढचे सर्व हप्ते वेळेवर भरत राहिलो, तर तो हळूहळू सुधारतो. पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला बँकेकडून आठवणीने घ्या आणि काही आठवड्यांनी आपला अहवाल तपासा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे.

आता दुसरा प्रश्न : स्कोअर फारसा वाढणार नसेल, तर फेडायचे कशाला?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात गायजेसच्या अंगठीची कथा आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. कोणी पाहणारच नसेल तर माणूस न्यायाने वागेल का, असा तिथे प्रश्न आहे. आपल्यापुढचा प्रश्न तोच आहे. शेजाऱ्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांची नोंद कोणत्याही सिबिलमध्ये होत नाही. म्हणून ते बुडवावेत का? ‘नाही’ असे आपले मन लगेच सांगते. म्हणजेच देणे हे स्कोअरमुळे देणे ठरत नाही. आपण शब्द दिला आणि दुसऱ्याचे पैसे वापरले, म्हणून ते देणे आहे. स्कोअर ही पतीची केवळ सावली आहे.

काही जण म्हणतात, “बँक मोठी आहे, तिला काय फरक पडतो?” बँकेकडचे पैसे कोणाचे असतात? कोणा निवृत्त शिक्षिकेचे, कोणा भाजीवालीचे. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला सहा महिन्यांसाठी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मोठी कर्जे बुडाली आणि झळ लहान माणसांना बसली. शिवाय आपल्याला जामीन राहिलेला मित्र असतो. आपण हप्ता थकवला की त्याचीही पत जाते. त्याने तर एक पैसाही वापरलेला नसतो.

परंतु ज्याच्याकडे खरोखरच काही नाही, त्याने काय करावे? नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला. संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. ते म्हणतात की, ज्याला आज परतफेड करणे शक्य नाही, त्याच्यावर आजच परतफेड करण्याचे बंधन नाही. मात्र त्याने धनकोकडे जाऊन मुदत किंवा माफी मागितली पाहिजे. किती समंजस विचार आहे हा! गरिबी हे पाप नाही. मुलांच्या तोंडचा घास काढून हप्ता भरा, असे नीती सांगत नाही. ती एवढेच सांगते : लपू नका. फोन बंद करून, पत्ता बदलून बसू नका. समोर जा आणि खरे ते सांगा.

तडजोडीचेही तसेच. आपली परिस्थिती खरी सांगितली आणि बँकेने राजीखुशीने उरलेली रक्कम सोडली, तर ते देणे खरोखर संपले. मनात अपराधभाव बाळगू नये. पण सोने बहिणीकडे ठेवून, जमीन पत्नीच्या नावावर करून हात वर केले असतील, तर ती माफी मिळालेली नाही, फसवून घेतलेली आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत संत मत्तय यांनी अपराधांसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थच ‘देणी’ असा होतो. देणे माफ करणे धनकोच्या हाती असते. ऋणको ती माफी मागू शकतो, स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही.

“तीन वर्षे उलटली, आता बँक कोर्टात जाऊ शकत नाही,” असेही ऐकू येते. मुदतीच्या कायद्याने अनेकदा दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे मात्र नाहीसे होत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुदत संपलेले कर्ज फेडण्याचे सही करून लेखी वचन दिले, तर तेही बंधनकारक ठरते. जुने देणे मान्य करणाऱ्या माणसाला कायदाही मान देतो.

धनकोचीही कर्तव्ये आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. असा त्रास कोणाला होत असेल तर त्याने गप्प बसू नये. आणि आपण स्वतः कोणाला पैसे दिले असतील, तर आपल्या तगाद्याचा सूरही तपासावा.

तेव्हा या आठवड्यात कपाटातले जुने कागद काढा. बँकेचे, पतपेढीचे आणि कागदावर कधीच न आलेलेही देणे आठवा. पूर्ण फेडता येत असेल तर फेडा, थोडे जमत असेल तर थोडे द्या, काहीच जमत नसेल तर जाऊन तसे सांगा. स्कोअर वाढायचा तेव्हा वाढेल. रस्त्यात धनको दिसल्यावर गल्ली बदलावी लागणार नाही, हे मात्र त्याच दिवसापासून.

आपला,
धर्मगुरू