ग्रंथ एक, वाचक तीन

सज्जनहो! आषाढी एकादशीस कोल्हापुराहून नंदवाळला दिंडी जाते. त्या वाटेवर आमच्यादेखत वाद पडला. एकजण म्हणाला, "सात दिवसांत ज्ञानेश्वरीचं पारायण केलं, पर मन हाय तिथंच हाय." दुसरे गृहस्थ म्हणाले, "आम्हांला तर कर्जाच्या दिवसांत तिनंच तारलं." एक आजीबाई म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाई. नातू वाचतो, मी ऐकते. त्या दिवशी सुनेवर आवाज चढत न्हाई, एवढंच."

शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितलेला ग्रंथ एकच; मग फळ निरनिराळे कां?

पहिल्या गृहस्थास आम्ही बोल लावणार होतो, पण जीभ अडली. आमची तरी काय गत? वर्षानुवर्षे निरूपण करतो, आणि टाळकऱ्याचा ताल चुकला की भर कीर्तनात डोळे वटारतो! तो निदान खरे बोलला.

नाथमहाराज हेही ज्ञानेश्वरीचे वाचकच. प्रतींत अपपाठ शिरलेले पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. ते काम झाले. आता अपपाठ उरले ते आपल्या वागण्यात. ते आपले आपल्याला दिसत नाहीत, घरच्यांना दिसतात. म्हणून पारायण संपले की ग्रंथाचा अभिप्राय त्यांना विचारावा. आजीबाईंचा अभिप्राय सून देईल. आमचा त्या टाळकऱ्यापाशी आहे. त्याच्या पाया पडू, मगच पुढची ओवी उघडू.

राम कृष्ण हरि!