पाय पुढे करताना

नम्रतेचा विषय निघाला की आपल्याला सेवा करणारे हात आठवतात. पवित्र गुरुवारी गुडघे टेकून बाराजणांचे पाय धुणारे धर्मगुरू डोळ्यांपुढे येतात. पोप बारावे पायस यांच्या १९५५ च्या सुधारणेने हा विधी सायंकाळच्या मिस्साबलिदानात आला. २०१६ पासून त्यात स्त्रियांचेही पाय धुता येतात. पण त्या खुर्च्यांवर बसलेल्यांकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. ही मंडळी संकोचलेली असतात. घरून पाय घासूनपुसून, नखे कापून आलेली. धुण्यासारखे त्या पायांवर काही उरलेलेच नसते! आमच्या मते विधीचा अर्धा अर्थ त्या संकोचात आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र नेमका तेथेच अडतो. धुळीच्या वाटा, पायांत वहाणा. पाय धुणे हे त्या काळी दासाचे काम. गुरू कमरेला रुमाल बांधून समोर ओणवा होताच पेत्र साफ नकार देतो. वरवर पाहता हा नकार नम्रतेचाच वाटतो. पण प्रभू त्याचे कौतुक करीत नाही. पाय धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे तो बजावतो. गुरूसाठी प्राण देण्याची पेत्राची तयारी आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस तो तसे बोलूनही दाखवतो. देणारा होणे त्याला जमते, घेणारा होणे जमत नाही. ज्याला घेता येत नाही, त्याचा स्वतःच्या बळावरचा भरवसा अजून सुटलेला नसतो. ते बळ किती होते, हे कोंबडा आरवेपर्यंत कळून चुकले.

आपल्या घरांतही हेच घडते. ‘सारे देवाच्या हाती’ असे आयुष्यभर म्हणत आलेला कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो आणि सुनेने पुढे केलेला पेजेचा चमचा तोंड फिरवून नाकारतो. देवावर विसंबणे त्यामानाने सोपे. तो दिसत नाही, त्याच्यापुढे लाजावे लागत नाही. परंतु देव आपला हात पाठवतो तो बहुधा माणसाच्याच मनगटाला जोडून. तो हात झिडकारून वर आकाशाकडे पाहणे, याला ईशावलंबन म्हणावे काय?

येथे एक सावधगिरी हवी. नम्रतेचा उपदेश आपल्याकडे खालच्या पायरीवरच्यांनाच अधिक केला जातो: सुनेला, मोलकरणीला, गरीब नातलगाला. शुभवर्तमानात तो गुरू स्वतः वाकून करतो आणि ऐकावा लागतो तो शिष्यांच्या पुढाऱ्याला. शिवाय परावलंबन म्हणजे आळस नव्हे. संत पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. तरीही बंदिवासात फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत त्याने आनंदाने स्वीकारली आणि पत्रातून तशी पोचही दिली. पौलासारख्या ताठ कण्याच्या माणसाला ते पत्र लिहिणे सोपे गेले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

आमच्या पिढीने हे आणखी एका ठिकाणी पाहिले. पोप दुसरे जॉन पॉल १९७८ साली निवडले गेले तेव्हा ५८ वर्षांचे होते; डोंगर चढणारे, बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारे. २७ मार्च २००५ च्या पुनरुत्थान रविवारी ते खिडकीशी आले, बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द फुटले नाहीत. अखेर हातानेच त्यांनी आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी ते निवर्तले. असे दुबळेपण जगासमोर का आणावे, अशी टीका तेव्हा झाली. पुढे २०१३ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी शक्ती सरल्याचे सांगून पद सोडले. अनेकांना या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. आम्हांला वाटत नाहीत. आपले बळ संपले हे दोघांनीही लपवले नाही.

शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्य सरोवराच्या काठी प्रभू पुन्हा पेत्राशी बोलतो. तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तेथे जात होतास. म्हातारपणी हात लांब करशील आणि दुसराच तुझी कंबर बांधील, असे सांगतो. या खेपेस पेत्र ‘नको’ म्हणत नाही. मागे वळून, पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या शिष्याकडे पाहून, तो एवढेच विचारतो: प्रभू, याचे काय?