चौकट आणि क्रमांक

धारहून देवासला जाताना इंदूर लागते. तिथल्या यशवंतराव होळकर महाराजांची १९३०च्या दशकातली वेगवान ड्यूसेनबर्ग मोटार प्रसिद्ध आहे. तिची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, अमेरिकेतली. वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेले. अंग पालटता येते, ओळख चासीची.

ती गंजली तर? गंजका भाग कापून नवे पोलाद जोडावे, आणि तसे सांगावे. पण सबंध चासी नवी घालून तिच्यावर जुना क्रमांक ठोकणे ही लबाडीच, मग कारागिरी कितीही सुबक असो!

धारच्या लाट मशिदीपाशी मोडलेल्या लोहस्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. सांधून उभा केला असता तर डोळ्यांत भरला असता खरा; पण तो मोडला होता, हे मग कोण सांगणार होते?