नगररक्षक, गुप्तपंथ आणि आधीच ठरलेला अपराध

मनुष्याने काय केले याची शहानिशा न करता, तो कोणाचा आहे एवढ्यावरून त्याला अपराधी ठरविता येते काय? नीतिविचारात आणि न्यायविचारात हा प्रश्न जुना आहे. साहित्यविचारात मात्र तो स्वतंत्रपणे क्वचितच उपस्थित होतो. कारण कथानकाच्या ओघात वाचकाने त्याचे उत्तर नकळत मान्य करून टाकलेले असते. ज्या एका कथनप्रकारात ही मान्यता अगदी उघडपणे दिसते, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे अद्भुतविश्वातील भूमिकाखेळ, आणि त्यातही नगररक्षकांनी एखाद्या गुन्हेगारी गुप्तपंथाचा छडा लावण्याची, या खेळात रूढ झालेली कथा.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून हा प्रकार स्थिरावला. चारसहा जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एका पात्राचे बोलणे-वागणे आपल्याकडे घेतो. एक जण संचालक होतो. तो त्या विश्वाचे वर्णन करतो आणि उरलेली सर्व पात्रे वठवतो. एखादी कृती साधेल की नाही याचा निर्णय फाशांवर सोपविला जातो. छापील साहससंहितेत स्थळे, व्यक्ती आणि त्यांची रहस्ये दिलेली असतात. संवाद आणि कृती मात्र खेळणाऱ्यांच्या. वाचकाच्या कर्तेपणाविषयी आपण समीक्षेत पुष्कळ बोलतो, परंतु तेथे ते बव्हंशी रूपकात्मक असते. येथे ते शब्दशः खरे आहे. कादंबरीतील फौजदाराने निरपराध मनुष्यावर हात उगारला तर वाचक त्याचा केवळ साक्षी असतो. या खेळात हात उगारण्याचा निर्णय त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला असतो.

नगररक्षकांच्या कथेचा साचा ठरीव आहे. नगरात माणसे नाहीशी होऊ लागतात. एखाद्या मृतदेहावर अनाकलनीय चिन्ह आढळते. तळघरात किंवा गटारमार्गात एक निषिद्ध पूजास्थान सापडते. एक दुय्यम सभासद पकडला जातो, त्याच्या जबानीवरून प्रमुखाचा माग लागतो आणि अखेरीस विधी पूर्ण होण्याच्या ऐन क्षणी पंथाचा नाश होतो. यात तपास आहे, पुरावा आहे, साक्ष आहे. म्हणजे न्यायप्रक्रियेची सर्व बाह्य अंगे आहेत. प्रश्न असा की, त्यांना न्यायप्रक्रियेचा आशयही लाभतो काय?

या संदर्भात खेळाच्या नियमांतील एक तरतूद लक्षणीय आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला एक नैतिक कल नेमून दिलेला असतो. प्रारंभी सुव्यवस्था, तटस्थता आणि अव्यवस्था असे तीनच कल होते. पुढे सुष्ट-दुष्ट ही दुसरी अक्षरेषा आली आणि १९७८च्या नियमपुस्तकात नऊ कल सिद्ध झाले. त्याच पुस्तकात दुष्टतेचा वेध घेणारा मंत्र आहे, आणि धर्मवीर वर्गाच्या योद्ध्याला तर ही शक्ती जात्याच लाभलेली आहे. ज्या रक्षकाला साठ फुटांवरून दुष्टता जाणवते, त्याला पुराव्याची गरज ती काय? त्याच्या दृष्टीने अपराध ही घडलेली गोष्ट उरत नाही. ती मनुष्याच्या ठिकाणी वसणारा गुणधर्म बनते, जसा धातूच्या ठिकाणी जडपणा. कृती हे मग त्या गुणधर्माचे केवळ प्रकटीकरण ठरते, आणि प्रकटीकरणाची वाट पाहणे हा निष्कारण विलंब. खेळाच्या कर्त्यांनाही ही अडचण जाणवली असावी. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हा मंत्र पिशाच, मृतयोनी, देवदूत अशा अतिमानवी योनींचेच अस्तित्व सांगतो. शेजारच्या घरातील माणसाचे अंतःकरण तो वाचू शकत नाही. नियमातील हा लहानसा बदल नीतिमीमांसेच्या दृष्टीने लहान नव्हे. त्यामुळे मनुष्य पुन्हा एकदा अपारदर्शक झाला.

तथापि मंत्र काढून टाकल्याने प्रश्न संपत नाही. कथेच्या रचनेतच त्याहून खोल गेलेली एक गोष्ट आहे. पकडलेल्या सभासदाची उलटतपासणी हा या साहसांतील जवळजवळ अनिवार्य प्रसंग. खेळणारे त्याला धमकावतात. पुष्कळदा त्याहूनही पुढे जातात. तो बोलतो, आणि बोलतो ते बहुधा खरे असते. असे का व्हावे? संचालक क्रूर आहे म्हणून नव्हे. कथानक पुढे सरकावयाचे तर पुढचा दुवा कोणाच्या तरी मुखातून यावयास हवा, एवढेच त्याचे कारण. परंतु कथनाच्या या निकडीतून एक भयंकर सिद्धान्त कोणीही न मांडता प्रस्थापित होतो: छळातून सत्य निघते. वास्तवात छळाखालचा मनुष्य छळणाऱ्याला जे ऐकावयाचे आहे तेच बोलतो. खेळातही तो तेच बोलतो. फरक इतकाच की, तेथे रक्षकांना ऐकावयाचे असते तेच संहितेत सत्य म्हणून आधी लिहून ठेवलेले असते. त्यामुळे जबानी आणि सत्य यांच्यामधील अंतर दिसण्याची शक्यताच मावळते.

रूढ साचा मोडणारी संहिताही आहे, हे येथे नमूद करावयास हवे. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या इंग्लंडातील खेळासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेले ‘शॅडोज ओव्हर बोगनहाफेन’ हे साहस पाहावे. त्यातील पात्रे अधिकारारूढ रक्षक नव्हेत; जत्रेला आलेली सामान्य माणसे आहेत. जत्रेतील खेळातून पळालेल्या एका तीनपायी गॉब्लिनचा पाठलाग करताना ती गटारात उतरतात आणि तेथे त्यांना गुप्त विधीची जागा आढळते. माग काढता काढता संशय जाऊन पोहोचतो तो नगरातील धनाढ्य, दानशूर म्हणून मान्यता पावलेल्या व्यापाऱ्यांच्या मंडळापाशी. त्या मंडळाच्या सभासदांनाही विधीचे खरे फळ काय याची कल्पना नाही. ते भरभराटीच्या लोभाने एकत्र आले आहेत. येथे दोन गोष्टी साधतात. सत्ता आणि संशयित एकाच घरात राहतात, म्हणून ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही सोयीची विभागणी कोसळते. आणि एकाच पंथातील माणसांचा अपराध सारखा राहत नाही. फसलेला, लोभी, जाणूनबुजून गप्प राहिलेला आणि सूत्रधार यांचे दोष वेगवेगळे तोलावे लागतात. सभासदत्वाने उत्तर मिळत नाही. ते प्रश्नाचा केवळ आरंभ करते.

हे सारे खेळापुरतेच मर्यादित असते तर त्याची इतकी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या कल्पनेवर ही कथा उभी आहे ती कल्पना कायद्याने प्रत्यक्षात आणल्याचा इतिहास आपल्याच भूमीवर घडला आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने केलेल्या १८३६च्या तिसाव्या कायद्यानुसार, एखादा मनुष्य कायद्यापूर्वी वा नंतर ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप देता येई. अमुक खून त्याने केला हे दाखविण्याची आवश्यकता नव्हती. विल्यम स्लीमनच्या मोहिमेचा मुख्य आधार होता माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या. त्याच पार्श्वभूमीवर, निजामाच्या सेवेत असलेल्या मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली निघाली. अमीर अली हा माफीचा साक्षीदार साहेबापुढे आपली कहाणी सांगतो, हीच तिची चौकट. वाटमारी आणि खून खरे होते, यात शंका नाही. पण देवीच्या नावाने बांधलेला, पिढीजात, देशव्यापी पंथ हे चित्र कितपत वास्तव आणि कितपत जबानी घेणाऱ्यांच्या अपेक्षेने घडविलेले, याविषयी इतिहासकारांत गंभीर मतभेद आहेत. कथनाची निकड आणि राज्याची निकड येथे हातात हात घालून चालल्या.

पुढे १८७१च्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदण्याची सोय झाली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण त्याने घडविलेली दृष्टी रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे १९८७चे ‘उचल्या’ हे आत्मकथन मराठी वाचकाला ठाऊक आहे. नगररक्षकांची कथा तेथे उलट्या बाजूने सांगितली जाते: झोपडीत शिरणारे पोलीस, झडती, मार, आणि या साऱ्याला कारण म्हणून पुरेशी ठरणारी जात. दुष्टतेचा वेध घेणारा मंत्र म्हणजे काय, हे ज्याच्यावर तो चालविला गेला त्याच्या बाजूने पाहावयाचे असेल तर या पुस्तकाकडे वळावे.

इतिहासाचा एक उपरोध असा की, हा खेळ स्वतःही या दृष्टीचा बळी ठरला. १९८०च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजक गुप्तपंथांच्या भयाची लाट आली. हा खेळ मुलांना त्या मार्गाला लावतो, असा आरोप उच्चरवाने होऊ लागला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी राक्षस-सैतानांची प्रचलित इंग्रजी नावे वगळली. त्याच लाटेत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या संचालकांवर आणि शिक्षकांवर खटला गुदरला. लहान मुलांना पुनःपुन्हा सूचक प्रश्न विचारून मिळविलेल्या जबान्या हा त्याचा पाया होता. १९९० साली तो संपला तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. पण त्यांची मधली वर्षे परत मिळण्यासारखी नव्हती.

यावर एक आक्षेप संभवतो. अद्भुतकथेत राक्षस हा राक्षसच असतो. त्याच्या वधापूर्वी खटला चालवा असे कोणी म्हणत नाही. मग खेळाकडूनच ही अपेक्षा का? आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते लोककथेपुरते. लोककथेतील राक्षस लपत नाही. त्याचे रूप हीच त्याची ओळख. नगररक्षकांच्या कथेचा सारा रस मात्र दुष्ट मनुष्य इतरांसारखाच दिसतो, यात आहे. जी कथा शोधाचे सुख घेऊ इच्छिते, तिने शोधाचे ओझेही उचलले पाहिजे. चुकण्याची शक्यता जेथे नाही तेथे शोध नसतो. असतो केवळ विलंबाने दिलेला निकाल.

रक्षकाच्या ठिकाणी नैतिक कर्तेपण केव्हा जन्मते याचे उदाहरण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे. आर्यक हा गोपपुत्र राजा होणार असे भविष्य वर्तविले गेले, म्हणून पालक राजाने त्याला बंदीत टाकले. म्हणजे त्याचा अपराध केलेला नव्हे, होऊ घातलेला आहे. तो निसटून चारुदत्ताच्या गाडीत बसतो. वाटेवर वीरक आणि चंदनक हे नगररक्षक ती गाडी अडवतात. चंदनक आत डोकावतो, आर्यकाला पाहतो. आर्यक त्याच्याकडे आश्रय मागतो. त्या क्षणी चंदनकाजवळ कोणताही मंत्र नसतो. राजाज्ञा, शरण आलेला मनुष्य आणि स्वतःचा विवेक एवढेच असते. तो अभय देतो, वीरकाशी खोटे बोलतो, भांडण ओढवून घेतो. त्याने योग्य केले की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. आणि वाद होऊ शकतो म्हणूनच ती कृती नैतिक आहे. वीरकाचा संशयही मूर्खाचा नव्हे. तोही आपले कर्तव्यच करीत असतो.

भूमिकाखेळाला ही शक्यता इतर कोणत्याही कथनप्रकाराहून अधिक जवळची आहे, कारण त्यात गाडीचा पडदा खेळणारा स्वतः बाजूला सारतो. तेव्हा अशा संहितेची परीक्षा पंथाचा नाश झाला की नाही यावरून करू नये. पकडलेला मनुष्य निरपराध निघू शकतो काय, धाकाने मिळविलेली जबानी खोटी ठरू शकते काय, आणि तसे झाल्यास त्या मनुष्याचे पुढे काय होते हे संहिता विचारते काय, हे पाहावे. जी संहिता हे विचारते ती खेळणाऱ्याला रक्षकाचे काम देते. जी विचारीत नाही ती त्याच्या हाती केवळ दंडा देते.